हिराबाईचा बोर्डिंग पास

हे लिहायला मला भाग पाडलं ते लोकांच्या तोंडांनी. माझी वहिनी आणि मी नागपूरला विमानाने जाऊन आलो, एवढीच घटना. पण बदलापूरला, वहिनीच्या कुळगावात, कोणी सांगतं की विमानात एक मेलेली बाई बसली होती, अंबरनाथला आमच्या सोसायटीत कोणी सांगतं की आम्हाला पोलिसांनी पकडलं, आणि उल्हासनगरच्या तिकीट एजंटकडे म्हणे लोक विचारायला येतात की ‘ती’ सीट कुठली. जे झालं ते मी होते म्हणून मला माहीत आहे. ते एकदा नीट लिहून ठेवते. शिवाय घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पहिल्यांदा विमानाने नेणाऱ्यांना याचा उपयोग होईल. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आजही नाही.

आधी माणसं सांगते. माझ्या थोरल्या भावाची दोन लग्नं. पहिली हिरावहिनी. ती कावीळ होऊन गेली तेव्हा तिची मुलगी सुनीता नुकती चालायला लागली होती. मग दादाने दुसरं लग्न केलं, ती ही नर्मदावहिनी. बारवी धरणाच्या बाजूच्या पाड्यातली, भातशेतीच्या घरची. आमच्याकडे दुसरेपणावर आलेली बाई पहिलीचा चांदीचा टाक गळ्यात घालते. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली बाईची छोटी आकृती. प्रत्येक गोष्ट आधी तिची. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. सकाळच्या चहाचा पहिला घोट तिच्यापुढे धरायचा, मग आपण प्यायचा. दादा गेला तेव्हा वहिनीचं मंगळसूत्र उतरलं, टाक उतरला नाही. हिरावहिनीचा एकही फोटो नव्हता. रेशनकार्डावरून तिचं नाव कधीच कमी झालं होतं. जगात तिची खूण म्हणून एवढी एक चांदी उरली होती, आणि तीही घामाने आणि बोटांनी झिजून चेहरा गेलेली.

सुनीता लग्न होऊन नागपूरला गेली. सावत्र आईला ती ‘मावशी’ म्हणते. वाढवलं वहिनीने, पण आई म्हणाली नाही, आणि वडील गेल्यावर बदलापूरला यायचीही थांबली. तिच्या लेकीचं लग्न ठरलं. आमंत्रणाचा फोन मला आला, वहिनीला नाही. “आत्या, मावशीला सांग, माझ्या आईचा टाक पाठव. हळदीला माझी आई घरात पाहिजे.”

मी वहिनीला तसंच सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “पाठवायची कशाला? मी नेतंय.”

रेल्वेचं आरक्षण मिळालं नाही. हळद संध्याकाळची, म्हणजे त्याच दिवशी दुपारपर्यंत नागपुरात पोचणं आलं. म्हणून विमान. दोघींचे पाय तिथवर चालतील याची मला खात्री होती. कागदांचीही होती, कारण वहिनीचं आधार मी स्वतः काढून आणलेलं. नाव, वर्ष, फोटो सगळं बरोबर.

उल्हासनगर

तिकिटं आणि आहेर एकाच फेरीत, म्हणून आम्ही उल्हासनगरला कॅम्पात गेलो. मी समोरच्या दुकानात साड्यांचा भाव करत होते. सिंधी दुकानदाराशी भाव करायला पूर्ण लक्ष लागतं. वहिनीचे पाय दुखत होते म्हणून ती एजंटच्या थंड दुकानात बसली. मी परत आले तोवर तिकिटं निघाली होती, जाण्यायेण्याची. एजंट जुना ओळखीचा. “दीदी, सब सेट है. अम्मा ने सब बता दिया. जाने के दिन का बोर्डिंग पास भी मैं ही निकाल के दूँगा.”

आदल्या दिवशी पास आणायला वहिनी शेजारणीबरोबर गेली. माझा तिने मला दिला. तिचा तिने घडी घालून, कुंकू लावून, गळ्यातल्या टाकाशी पोलक्यात खोचला. “निघंपर्यंत राहू दे तिच्यापाशी,” म्हणाली. नवी वस्तू होती, मला त्यात विचित्र काही वाटलं नाही. इथे वाचकांना पहिला सल्ला: पास कोणापाशीही ठेवा, आधी उघडून वाचा.

कुळगाव ते विमानतळ

टॅक्सीला साधारण दोन हजार पडतात. बदलापूरहून काटई रस्ता, शीळफाटा, ऐरोलीचा पूल. शीळफाट्याला अडकायचं धरूनच निघा. टॅक्सीने आधी कुळगावातून वहिनीला घेतलं, मग अंबरनाथ पश्चिमेला मला. मी मागचं दार उघडायला गेले तर ड्रायव्हर म्हणाला, “मॅडम, आप आगे बैठो. पीछे दो जन हैं.”

मी आत पाहिलं. वहिनी खिडकीपाशी अंग चोरून बसली होती. तिची बॅग मांडीवर. मधली जागा रिकामी.

“कुठे दोन आहेत?”

ड्रायव्हरने मान वळवून पाहिलं, मग आरसा थोडा हलवला. “अम्मा ने चढते टाइम बोला, हम दो हैं.”

“दोघी हाव, मग काय,” वहिनी म्हणाली आणि पदराखालून गळ्यातल्या पिशवीला हात लावला. टाक तिने प्रवासासाठी, गळ्यातून न उतरवता, लाल खणाच्या पिशवीत शिवून घेतला होता. मी मागेच बसले, पण का कोण जाणे, दुसऱ्या खिडकीपाशी. मधे बसले नाही. ड्रायव्हरने शीळफाट्यापर्यंत गाणी लावली नाहीत.

प्रवेशद्वार

नियम सरळ आहे. विमानतळाच्या दारातच जवान उभा असतो. तिकीट आणि फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र हातात ठेवायचं. आधार, मतदार कार्ड, पासपोर्ट, गाडीचं लायसन्स, यातलं काहीही एक. मोबाईलमध्ये कार्डाचा नुसता फोटो काढून ठेवलेला असेल तर त्यावर विसंबू नका. मूळ कार्ड घ्या. आणि तिकिटावरचं नाव कार्डावरच्या नावाशी जुळलं पाहिजे.

माझं पाहून झालं. वहिनीने आधार आणि घडी घातलेला कागद दिला. जवानाने कागद उघडला. कुंकू त्याच्या बोटाला लागलं.

“माताजी, नाम क्या है आपका?”

“नर्मदा.”

“टिकट पे हीराबाई लिखा है.”

“हां. वो बडी.”

“वो कहाँ हैं?”

“ये क्या, हाय ना,” असं म्हणून वहिनीने छातीवर हात ठेवला.

जवानाने आधी तिच्या हाताकडे पाहिलं, मग तिच्या मागे पाहिलं. आमच्या मागे ट्रॉली घेऊन एक कुटुंब उभं होतं, आणि त्यांच्या आमच्यात एका माणसाइतकी जागा सुटलेली. “उनको आगे बुलाइए,” तो म्हणाला.

मी कागद त्याच्या हातातून घेतला. आडनाव आमचं. मधलं नाव दादाचं. पहिलं नाव हिराबाई. वयाच्या जागीही काहीतरी हिशेबाने घातलेलं, ती असती तर जेवढी असती तेवढं. जिला जाऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली, तिच्या नावाचं तिकीट छापून आलं होतं. तिकीट काढताना कोणी ओळखपत्र पाहत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. आत शिरताना पाहतात.

“वहिनी, हे काय केलंस?”

तिला माझा राग कळेना. “लुगडा पयला तिला लावून मंग मीच नेसतंय ना? तसाच. नाव तिचा, जाणार मी.”

बाजूला उभं राहून मी एजंटला फोन लावला. “अरे दीदी, मैंने पूछा, आधार में यही नाम है? अम्मा बोलीं, पहले यही है. मैं समझा शादी के पहले का नाम होगा, बाद में बदला.” त्याचीही चूक म्हणता येईना. आमच्याकडे लग्नात नाव बदललेल्या बायका शेकड्याने आहेत.

दाराबाहेरच विमान कंपनीचं तिकीट काउंटर होतं, तिथल्या मुलीने शांतपणे सांगितलं की स्पेलिंग चुकलं तर दुरुस्त होतं, माणूस बदलत नाही. नवं तिकीट घ्यावं लागेल. “आणि या पॅसेंजरचं काय? चेक-इन झालंय त्यांचं. त्या येणारेत?”

“नाही,” मी म्हटलं.

“येतील,” वहिनी म्हणाली.

मुलीने दोघींकडे पाहिलं. मी बँकेचं कार्ड पुढे केलं. जाण्यायेण्याचं नवं तिकीट जुन्याच्या जवळजवळ दुपटीने पडलं. वहिनीला सीट मागे मिळाली. माझ्या शेजारची, मधली, हिराबाईच्या नावावर तशीच राहिली. वहिनीने जुना पास घडी करून कमरेच्या बटव्यात ठेवला. मी टाकून दे म्हटलं नाही, कारण विमान पकडायचं होतं.

तपासणी

बायकांची तपासणी पडद्याआड होते. महिला जवान हातातलं यंत्र अंगावरून फिरवते. दागिने सहसा काढायला लावत नाहीत, पण कापडात शिवलेलं काही असेल तर ते ट्रेमधून यंत्राखाली जातं. गळ्यात पोटल्या, ताईत असतील तर वेळ धरा. वहिनीच्या छातीशी यंत्र वाजलं.

“ये क्या है? देवी?”

“नाय. सवत.”

त्या बाईने हात मागे घेतला. मग म्हणाली, “ट्रे में रखिए, अम्मा. दो मिनट का काम है.”

वहिनी हलेना. तिने तो कधीच उतरवला नव्हता, बाळंतपणातही नाही. त्या बाळंतपणातलं मूल राहिलं नाही, हे मला तिथे उगाच आठवलं. शेवटी मीच तिच्या मानेमागची गाठ सोडली. दोरा मानेच्या कातडीत रुतून बसल्यासारखा होता. पिशवी ट्रेमध्ये ठेवली आणि ट्रे पट्ट्यावरून आत गेला.

पलीकडे वहिनी उघड्या गळ्याने उभी राहिली. मी हाक मारली, “वहिनी, बूट घाल.” तिने पाहिलंच नाही. “नर्मदा,” मी म्हटलं. तिने इकडे तिकडे पाहिलं, जणू मी दुसऱ्या कोणाला बोलावतेय.

पट्टा थांबला, मागे गेला, पुन्हा थांबला. यंत्राच्या स्क्रीनसमोरच्या माणसाने विचारलं, “पाउच किसका? इसमें दो मूर्ति हैं?”

“एक आहे,” मी म्हटलं.

त्याने स्क्रीन थोडी माझ्याकडे वळवली. पिशवीच्या आत दोन काळ्या आकृत्या होत्या. एकीला एक लागून, खांद्याला खांदा.

“एकच आहे,” मी पुन्हा म्हटलं. माझ्या आवाजाचा मलाच राग आला. महिला जवानाने पिशवी दोन बोटांनी चाचपली आणि लगेच वहिनीच्या हातात दिली. “ले जाइए, अम्मा.” वहिनीने ती गळ्यात बांधली आणि बूट घातले.

चढताना

आत चहा घ्यायचा तर घरच्या आठवड्याच्या चहाएवढा पडतो. आम्ही तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकी चटणी नेली होती. ती कोणी अडवली नाही. ओटीचा नारळ मात्र सामानात चालत नाही म्हणून काढायला लावला. नारळ मुक्कामालाच विकत घ्या.

विमानात चढायला रांग लागली. मी पुढे होते, माझा पास यंत्रावर हिरवा झाला, मी पुढे गेले. मागे वहिनी. तिच्या हातात दोन कागद आहेत हे मी पाहिलं नाही. आपल्या सवयीने तिने आधी हिराबाईचा पुढे केला. यंत्र हिरवं झालं. दारावरच्या मुलीने पास फाडला, तुकडा परत दिला, आणि वहिनी तिथेच उभी राहिलेली पाहून विचारलं, “तुमचा?” वहिनीने दुसरा दिला. तोही हिरवा झाला. मागे गर्दी होती. मुलीला वाटलं असणार, पहिली बाई पुढे गेली. आधार तिने हातात घेऊन पाहिलं ते एकदाच. हे सगळं वहिनीने मला नंतर, नागपुरात सांगितलं.

मी खिडकीला बसले. शेजारची मधली सीट रिकामी. सगळे बसले, दार बंद होईना. हवाई सुंदरी माणसं मोजत गेली. परत आली, परत मोजत गेली. मग दुसरी आली आणि आमच्या ओळीपाशी थांबली. तिने हातातला कागद पाहिला, मग रिकामी सीट.

“हिराबाई?” तिने मोठ्याने विचारलं.

मागून वहिनीचा आवाज आला. “हाय.”

सुंदरीने मागे पाहिलं, काहीतरी पुटपुटली, पुन्हा मोजत गेली. तिसऱ्या वेळी तिने दाराशी अंगठा दाखवला आणि दार बंद झालं. म्हणजे आकडा जुळला असणार. कसा जुळला, मला माहीत नाही. त्या वेळी मी रिकाम्या सीटकडे पाहत होते. तिच्यावर कोणी नव्हतं. एवढंच मी शपथेवर सांगू शकते, आणि लोकांत जी गोष्ट फिरते तिचा मूळ ऐवज हा एवढा आहे. मी ती सोसायटीत एकदा सांगितली, ही माझी चूक.

विमान वर गेल्यावर चहा-पाणी देणारी मुलगी आली. तिने मला पाणी दिलं आणि मधल्या ट्रेवरही एक ग्लास ठेवून गेली. तो मी प्यायले नाही.

नागपूर

विमानतळाबाहेर रिक्षावाल्याने आमची चौकशी केली, तर्री पोहे कुठे चांगले ते न विचारता सांगितलं, आणि वाजवी पैसे घेतले. सुनीताच्या दारात मांडव होता. हळदीची वाटी तयार होती. लोक थांबले होते.

सुनीता पुढे आली. तिने वहिनीला वाकून नमस्कार केला, पण हात आधीच पुढे होता. “आणलास, मावशी?”

वहिनीने गळ्यातली गाठ स्वतः सोडली. पिशवी तिच्या तळहातावर ठेवली. सुनीताने शिवण उसवली आणि हातावर दोन टाक पडले. एक काळवंडलेला, चेहरा नसलेला. दुसरा नवा, पांढरा, नाकडोळे स्पष्ट. नाकात वहिनीचीच नथ कोरलेली.

यंत्राने खरं दाखवलं होतं.

“हा कोणाचा?”

“माझा.”

“जिवंत माणसाचा टाक कोण करतं?”

“सोनारपण तसाच बोलला. हात लावायला तयार नव्हता.” वहिनी खाली बघत बोलत होती. “तू माझा करशील, नाय करशील, मना काय म्हायती? म्हून करून ठेवला. तिच्या बाजूला ठेव. मागं ठेव, पुढं नको.”

सुनीता त्या दोन टाकांकडे बघत राहिली. वाटलं, दोन्ही परत करते की काय. मग तिने जुना टाक देव्हाऱ्यात नेऊन ठेवला आणि त्याला हळद लावली. नवा पुसला, त्याच दोऱ्यात ओवला आणि वहिनीच्या गळ्यात बांधला. गाठ दोनदा मारली.

“हा मी मागेन तेव्हा दे. आत्ता मला हळद लावायला माणूस पाहिजे.”

“मी कशी लावू? मी रांडव. आणि पयली तिची.”

“तिची झाली. आता तुझी. चल, आई, पोरगी ताटकळलीय.”

वहिनीने आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग तिने हळद लावली, ती नातीच्या गालावर लागायची ती डोळ्यापर्यंत गेली.

परत

परतीच्या तपासणीत पुन्हा यंत्र वाजलं. पिशवी नव्हती, टाक उघडाच दिसत होता. महिला जवान वाकली. “ये कौन है, अम्मा?”

“ये मैं,” वहिनी म्हणाली.

त्या बाईने टाक हातात घेऊन पाहिला, मग वर तिच्या तोंडाकडे, मग पुन्हा टाकाकडे. दारात आधार पाहतात तसंच. मग सोडून दिलं.

परतीचं हिराबाईच्या नावाचं तिकीट जुन्या छापील कागदात होतंच. त्याचं चेक-इन कोणी केलेलं नव्हतं. तरी चढायच्या दारापाशी वहिनी सगळ्यात शेवटी उठली. दरवेळी स्पीकर वाजला की तिने मान वर केली. कोणाकोणाची नावं आली. ते नाव आलं नाही. “चल, वहिनी,” मी म्हटलं, तेव्हा तिने रांगेत एक पाऊल मागे घेऊन जागा दिली, कोणालातरी आधी जाऊ द्यावं तशी. त्या जागेत कोणी आलं नाही. मग ती चालायला लागली.

टॅक्सीत ती मधे बसली.

दुसऱ्या दिवशी मी कुळगावला तिच्याकडे गेले. तिने चहा केला, कप उचलला आणि सवयीने गळ्याशी नेला. तिथे तिचाच चेहरा होता. ती कप धरून तशीच बसली. पहिला घोट कोणाचा, हे तिला ठरवता येईना. चहावर साय धरली. मी तिच्या हातातला कप घेतला, तिच्या ओठाला लावला, आणि ती प्यायली. अजूनही रोज सकाळी ती थोडं थांबते, असं शेजारीण सांगते. मला विचाराल तर विमानापेक्षा हा प्रवास लांबचा आहे.

म्हाताऱ्या माणसांना नेणाऱ्यांनी एवढं करावं: तिकिटावरचं नाव आणि कार्डावरचं नाव स्वतः डोळ्यांनी जुळवावं, आणि तिकीट काढताना ते माणूस कोणाचं नाव सांगतं ते जवळ उभं राहून ऐकावं.

आता कोणी विचारू नये म्हणून, नागपुरात सुनीताच्या हाती दिलं ते:

चांदीचा टाक एक, जुना, चेहरा झिजलेला. लाल खणाची पिशवी, उसवलेली. आहेराच्या साड्या. ओटीचं सामान, नारळ तिथे घेतलेला. बोर्डिंग पासचा फाडलेला तुकडा एक, हिराबाईच्या नावाचा, मुंबई ते नागपूर.

परतीचं तिचं तिकीट माझ्याकडे आहे. ते वापरलं गेलेलं नाही.